माळ मोकळा राहू द्या

दर वर्षी २० मार्चला, जागतिक चिमणी दिनाच्या निमित्तानं, कोल्हापुरात पक्ष्यांवर भरभरून बोललं जातं. शाळांतून लाकडी घरटी वाटली जातात, गच्चीवर पाण्याची भांडी ठेवायचं आवाहन होतं, आणि चिमण्या मोबाइलच्या टॉवरनं घालवल्या की सिमेंटच्या घरांनी, यावर हिरिरीनं वाद झडतात. मग जून उजाडतो. तीच माणसं त्याच कळकळीनं गावाबाहेरच्या उघड्या माळावर खड्डे घेतात आणि पाखरांना आसरा मिळावा म्हणून रोपं लावतात. त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण या चर्चेत पक्षी चुकला आहे, कारण चुकलं आहे, आणि उपायानं तर उघड नुकसान होतं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या जिल्ह्यात ज्या गाणाऱ्या पाखराची जागा पिढ्यान्‌पिढ्या आकसत गेली ते पाखरू म्हणजे चंडोल, त्यातही माळावरचा डोंबारी. आणि त्याच्या उरल्यासुरल्या घरावर आपण दर पावसाळ्यात झाडं लावतो आहोत.

डोंबारी हा चंडोलाच्या कुळातला, चिमणीहूनही जरा लहान. नराचं डोकं राखी, गळा आणि पोट काळं, गाल पांढुरके. मादी मातकट, ढेकळांत बसली तर नजरेला सापडत नाही. विणीच्या दिवसांत नर पंख फडफडवत सरळ वर चढतो, तीसेक मीटरवर पोचतो, पंख मिटून स्वतःला खाली झोकून देतो, जमीन जवळ आली की पुन्हा उसळी घेतो, आणि ही कसरत चालू असताना एक लांबलचक शीळ घालत राहतो. उघड्या रानात, जिथं बसायला फांदी नाही, तिथं जोडीदारापर्यंत आवाज पोचवायचा तर आणखी काय करणार? घरटंही जमिनीवरच, एखाद्या ढेकळाच्या किंवा गवताच्या झुबक्याच्या आडोशाला उथळ खळगा, आत गवत आणि केस अंथरलेले, कडेला बारीक खडे. अंडी दोन-तीन. खाणं गवताचं बी आणि किडे, पिलांना मात्र किडेच. झोपणंसुद्धा जमिनीवर. त्याचे भाऊबंदही असेच. पूर्वेच्या कोरड्या रानात कर्नल साइक्सनं १८३२ साली दख्खनमधून नोंदवलेला आणि भारताबाहेर कुठंही न आढळणारा लहान तुरेवाला चंडोल, पश्चिमेच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, मलबार चंडोल, ओलसर गवतात आभाळात एका जागी थरथरत मिनिटं-मिनिटं गाणारा भारतीय चंडोल. या सगळ्यांना हवी असते ती आखूड, विरळ गवताची, दूरवर दिसणारी मोकळी जमीन. झाड त्यांच्या कोणत्याच गरजेत बसत नाही.

आधी चिमणीचं पाहू, कारण चर्चेची सगळी ताकद तिनं व्यापली आहे. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी एकत्र करून २०२० मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला मोठा अहवाल निघाला. त्यात चिमणी मोठ्या महानगरांतून कमी झाल्याचं दिसलं, पण सबंध देशाचा विचार करता गेल्या पंचवीसेक वर्षांत तिची संख्या साधारण स्थिर असल्याचं आढळलं. तीन कोटी नोंदींवरचा दुसरा अहवाल २०२३ मध्ये आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांतल्या साठ टक्के घटलेल्या निघाल्या. आणि यात सर्वांत वाईट अवस्था कोणाची? जंगलातल्या पाखरांची नव्हे. केवळ गवताळ प्रदेशावर विसंबून असलेल्या जाती निम्म्याहून अधिक खाली आल्या होत्या. माळावर काटेरी झुडपाच्या शेंड्यावर बसून टेहळणी करणारा मोठा राखी खाटीक तर ऐंशी टक्क्यांहून अधिक घटला होता. हे आकडे देशाचे आहेत, कोल्हापूरचे नाहीत, हे मान्य. पण कोल्हापूरच्या माळाला काही वेगळं संरक्षण मिळालं होतं का, की इथलं चित्र देशापेक्षा बरं निघावं? मला तरी तसं एकही कारण दिसत नाही. उलट इथं माळ मोडायची साधनं इतर जिल्ह्यांपेक्षा लवकर आणि जास्त आली.

टॉवरवाल्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. किरणोत्सर्गाचा पक्ष्यांवर काय परिणाम होतो हे तपासायला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं २०१० साली तज्ज्ञांची समिती नेमली होती. म्हणजे शंका अगदीच निराधार मानली गेली नव्हती. पण एखाद्या कारणाला कारण म्हणायचं तर त्याला एक साधी परीक्षा द्यावी लागते. ते जिथं आहे तिथं घट दिसायला हवी, आणि जिथं नाही तिथं दिसायला नको. आपल्याकडे टॉवर गावागावांत पोचले. तरीही जिथं धान्याची पोती उघडतात, कौलांत फट आहे आणि अंगणात माती आहे, तिथं चिमण्या नांदतात. दुसरीकडे माळावरच्या पाखरांची ओहोटी १९९५ साली देशात पहिला मोबाइल वाजण्याच्या किती तरी आधी सुरू झाली. टॉवर हा आरोपी सोयीचा आहे, कारण तो उंच आहे, परका आहे आणि त्यात आपला कोणाचाच हात नाही.

चुकीच्या कारणामागे धावण्याची किंमत काय असते हे गिधाडांनी दाखवून दिलं आहे. नव्वदच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडं माना टाकून मरताना दिसू लागली. कुणी कीटकनाशकांवर बोट ठेवलं, कुणी अज्ञात विषाणूवर, कुणी खाणं कमी पडल्याचं सांगितलं. प्रत्येक अंदाज वरवर पटण्यासारखा होता. खरं कारण हाती आलं ते २००४ मध्ये, पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून. जनावरांना देण्यात येणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांपर्यंत पोचत होतं. भारतात जनावरांसाठीच्या त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्याण्णव संपली होती. त्या वेळी माहीत नव्हतं म्हणून वेळ गेला. चंडोलाच्या बाबतीत आपल्याला ती सबबही नाही, कारण त्याच्या घटीचं कारण उघड्या डोळ्यांना दिसतं. ते सातबाऱ्यावर दिसतं.

पण त्याआधी ब्रिटनमधलं एक उदाहरण सांगितलं पाहिजे, कारण आपल्या वादाशी त्याचं फार जवळचं नातं आहे. तिथला चंडोल हा शेतकऱ्याचा रोजचा सोबती. १९७० नंतरच्या काही दशकांत तो निम्म्याहून अधिक कमी झाला. तेव्हा तिथंही सोपे आरोपी पुढं आले. मांजरं, अंडी पळवणारे मॅगपाय, शिकारी पक्षी. अभ्यासकांनी शेतं धुंडाळली तेव्हा मुख्य कारण निघालं अगदी रुक्ष: पेरणीचा महिना. पूर्वी गहू-बार्ली वसंतात पेरत, त्यामुळं उन्हाळ्याच्या सुरुवातीला पीक आखूड असे आणि चंडोलाला एका हंगामात दोन-तीन वेळा पिलं काढता येत. पेरणी शरद ऋतूत सरकली, पीक लवकर उंच आणि दाट होऊ लागलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या विणीला जागाच उरली नाही. शेत तेच, शेतकरी तोच, धान्यही जवळपास तेच. फक्त पीक उभं राहण्याचं वेळापत्रक बदललं आणि एवढ्यानं पाखरू निम्म्यावर आलं. मग आपल्याकडे काय झालं असेल? इथं पेरणीचा महिना बदलून भागलं नाही. अख्खं पीकच बदललं.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा करवीर, कागल, हातकणंगले तालुक्यांचा नदीपासून दूरचा भाग डोळ्यांसमोर आणा. खरिपात भुईमूग, काही ठिकाणी मिरची, तंबाखू. रब्बीत शाळू, हरभरा. शाळू काढला की रान नांगरून उन्हात तापायला सोडायचं. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत मैलोन्‌मैल ढेकळांची उघडी जमीन, मध्ये मध्ये पड आणि गायरान. डोंबारीच्या विणीचा मोठा भाग नेमका याच महिन्यांत येतो. ढेकूळ हा त्याचा आडोसा आणि सांडलेले दाणे हे त्याचं अन्न. मेंढपाळ कळप घेऊन फिरत, शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवत, गवत आखूड राही. माणसाचं कोरडवाहू जगणं आणि या पाखराचं जगणं एकाच पंचांगावर चालत होतं. आता तिथं ऊस आहे. आडसाली लागण सोळा-अठरा महिने रानात उभी, तोडणीनंतर पाचट पेटवलं जातं किंवा कुजवलं जातं, लगेच खोडवा फुटतो. दोन पिकांच्या मध्ये जमीन उघडी पडते ती काही आठवडे. माणसाच्या दुप्पट उंचीच्या या पिकात मुनिया येतील, बुलबुल येतील, पाणी सोडलं की बगळे येतील. चंडोल येणार नाही. त्याला यायचंच नसतं असं नव्हे. त्याच्या शरीराला आणि सवयींना तिथं पाय ठेवायला जागा नाही.

इथं मला मनापासून थांबून एक गोष्ट मान्य करायची आहे. ऊस हा या गोष्टीतला खलनायक नाही. ज्यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे दुष्काळ आणि प्लेग पाहिले, त्या शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचं स्वप्न पाहिलं ते रयतेच्या पोटासाठी. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, उपसा जलसिंचनाच्या संस्था, सहकारी साखर कारखाने, यांतून अर्धा-पाऊण एकरवाल्या कुणब्याच्या घरात पोरं शिकली, पक्की घरं उभी राहिली, सावकाराची ओसरी सुटली. ज्याच्या वाट्याला वीस गुंठे आले आहेत त्याला ‘पाखरासाठी शाळू पेर’ म्हणून सांगणं हा निर्लज्जपणा होईल. ऊस किती असावा, शिरोळमधली क्षारपड जमीन आपल्याला काय सांगते आहे, यावर वेगळा वाद घालता येईल आणि घालावाही. पण चंडोलाच्या बाजूनं बोलताना मी बागायतदाराच्या एका सरीवरही हक्क सांगत नाही. माझं म्हणणं उसाबाहेर उरलेल्या जमिनीबद्दल आहे: गायरान, मुलकी पड, पोटखराबा, टेकड्यांचे माथे, सडे. पीक घ्यायला ज्याचा उपयोग नाही म्हणून जे उरलं, तेच आता या पाखराचं सर्वस्व आहे. आणि नेमक्या त्याच जमिनीकडे आज सगळ्यांचं लक्ष गेलं आहे. औद्योगिक वसाहतीला ती हवी, घरकुलांना हवी, कचरा डेपोला हवी, सौरऊर्जेच्या योजनेला हवी. आणि यातलं काहीच नको असेल तर वृक्षारोपणाला.

माळ ही रिकामी पडलेली जागा आहे, हा समज किती खोल गेला आहे हे पाहायचं तर कोल्हापूरच्या चित्त्यांची आठवण काढावी. शाहू महाराज आणि राजाराम महाराज यांच्या काळात इथं पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार चाले. चित्तेखाना होता, चित्तेवान होते. देशी चित्ता तोवर इतका विरळ झाला होता की जनावरं आफ्रिकेतून आणावी लागत. आज हा इतिहास आपण संस्थानी वैभवाचा म्हणून सांगतो. पण त्यातून या जमिनीबद्दल काय कळतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. काळवीट जंगलात राहत नाही. चित्ता झाडीतून धावू शकत नाही. ज्या संस्थानात हा खेळ रंगला तिथं नजर पोचेल तिथवर गवताची रानं होती आणि त्यांवर काळविटांचे कळप होते, याचा याहून भक्कम पुरावा कोणता? काळवीट गेला, माळढोक गेला. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. प्रत्येक वेळी आपण त्या त्या प्राण्याबद्दल हळहळलो, बंदुकीला दोष दिला आणि ज्या जमिनीवर तो जगत होता तिचं काय झालं हे विचारायचं राहून गेलं. चंडोलाला तर कुणी गोळी घातलेली नाही. त्याच्या बाबतीत तरी जमिनीबद्दल बोलावं लागेल.

आता झाडांच्या बाजूचा युक्तिवाद, जो सर्वांत वजनदार आहे. तापमान वाढतं आहे, महापूर येतात, रस्ता रुंदीकरणात शंभर-शंभर वर्षांचे वड तोडले जातात, आणि अशा वेळी झाडं लावू नका म्हणणारा माणूस कोणाच्या बाजूचा? शिवाय शिवाजी विद्यापीठाचं उदाहरण दिलं जातं. १९६२ मध्ये विद्यापीठ आलं तेव्हा तो उघडा माळ होता. आज तिथं झाडी आहे, तळी आहेत, सकाळी मोरांचे आवाज घुमतात. हे सगळं खरं आहे आणि त्या परिसराचं मलाही कौतुक आहे. शहरात सावली हवीच. ओढ्यांच्या आणि पंचगंगेच्या काठांना उंबर, करंज, जांभूळ परत यायलाच हवेत. राधानगरी, आंबा, गगनबावड्याकडचं जंगल तुटलं आहे तिथं ते उभं राहावं यासाठी जे काही करावं लागेल ते करावं. पण यातून माळावर झाडं लावावीत हे कसं सिद्ध होतं? मोर वाढले म्हणजे पाखरं वाढली असं आपण समजतो. देशाच्या अहवालातही मोर वाढलेलाच दिसतो, त्याच अहवालात ज्यात माळावरची पाखरं निम्म्यावर आली आहेत. कोकीळ, कबुतर, मोर ही माणसाच्या बदलांशी जुळवून घेणारी मंडळी आहेत. त्यांच्या भरभराटीवरून डोंबारीचं भलं झाल्याचा निष्कर्ष काढणं म्हणजे गावात दोन बंगले उठले म्हणून भूमिहीनांचा प्रश्न सुटला असं मानणं.

शिवाय उघडा माळ झाडांनी भरला तर पाखरू आहे तिथंच कडेला सरकून राहतं, असंही होत नाही. युरोपातल्या चंडोलावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे की हे पक्षी उंच कुंपण, झाडांची रांग, रानाची कड यांपासून बरंच अंतर राखून घरटं करतात. त्याचं कारण कळायला अवघड नाही. फांदीवर कावळा बसतो, शिक्रा बसतो, आणि जमिनीवरच्या अंड्यांची टेहळणी सोपी होते. म्हणून माळाच्या मधोमध लावलेली गिरीपुष्पाची एक रांगसुद्धा तिच्या बुंध्याखालच्या जागेपेक्षा कितीतरी मोठी जमीन चंडोलासाठी निकामी करते. राज्यात २०१६ पासून दर वर्षी दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी अशी वाढती लक्ष्यं ठेवली गेली. त्याआधी ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणानं निलगिरी, सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा लावल्या होत्या. एवढी रोपं जाणार कुठं? शेतकरी बांधावर घेत नाही, शहरात जागा नाही. ती त्याच जमिनीवर जातात जिच्या वतीनं बोलायला कुणी येत नाही. वीतभर मुरमाड मातीत बरीचशी पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतात. रोप वाळतं, पण खड्डा राहतो, चर राहतात, गवताची मोडलेली मुळं राहतात. कार्बनचा हिशेब मांडणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं की गवत आपला कार्बन मुख्यत्वे जमिनीखाली साठवतं, वणवा लागला तरी तो बराचसा तिथंच राहतो. ती जमीन उकरून वर चार काटक्या उभ्या करण्यात फायदा कोणाचा?

आणि आपल्याला हे समजत नाही असंही नाही. कास पठारावर झाडं लावायची कल्पना आज कुणी मांडली तर लोक त्याला वेड्यात काढतील. तिथं माती पातळ आहे, फुलं आहेत, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव लागलं, म्हणून त्याचं उघडेपण आपल्याला मोलाचं वाटतं. आपल्या पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारालाही संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. तिथं मलबार चंडोल गातो, आणि दर्ज्याचा अर्थ नीट पाळला गेला तर गात राहील. म्हणजे तत्त्व मान्य झालंच आहे. झाड नसलेली जमीनही निसर्गाचीच असते हे आपण पश्चिमेकडे कबूल केलं आहे. मग पूर्वेकडच्या माळाला तोच न्याय का नाही? सप्टेंबरात तो जांभळा-गुलाबी होत नाही, त्याचे फोटो काढायला गाड्या येत नाहीत, एवढ्याच कारणानं?

काही जण म्हणतात, ‘अहो, चंडोल गेला कुठं? परवाच विमानतळाच्या बाजूला दिसला की.’ हो, दिसतो. तो पूर्ण संपला असं मी म्हणत नाही. पण एक-दोन जोड्या दिसल्या की सगळं ठीक आहे असं मानणारा माणूस त्याच्या आधीच्या पिढीनं काय पाहिलं होतं हे विसरलेला असतो. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यात न्हालेले जे वयोवृद्ध धनगर भेटतात त्यांच्याशी माळाबद्दल बोलून पाहावं. कळप घेऊन कुठून कुठं मोकळं जाता येत असे, आता कुठं अडतं, कोणत्या गावाचं गायरान संपलं, हे ते गावांच्या नावांनिशी सांगतात. मेंढीची वाट आणि चंडोलाचं रान हे एकाच जमिनीचे दोन हक्कदार आहेत. एकाची वाट अडली तिथं दुसऱ्याचं घरटं मोडलेलं असतं. या माणसांची माहिती ऐकीव म्हणून बाजूला सारायची आणि पंधरा वर्षांपूर्वी कॅमेरा घेतलेल्या शहरी निरीक्षकाची नोंद तेवढी पुरावा मानायची, हे मला पटत नाही.

शेवटचा आक्षेप राजकीय आहे आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. लोकांना भीती वाटते की पाखराचं नाव निघालं की पाठोपाठ निर्बंध येतील. ही भीती काल्पनिक नाही. सोलापूर-नगरकडे १९७९ मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यात साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र कागदावर ओढलं गेलं, त्यात खासगी शेतं आली, गावं आली. वर्षानुवर्षं खरेदी-विक्री आणि बांधकामं अडली. ते क्षेत्र पुढं खूप घटवावं लागलं. दरम्यान माळढोक वाचला नाही आणि लोकांच्या मनात मात्र त्याच्याबद्दल राग साठला. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा विषय निघाला तेव्हा भुदरगड-राधानगरीच्या गावांत जी अस्वस्थता उठली तीही आपण पाहिली. म्हणून चंडोलासाठी अभयारण्य मागणं मला साफ नामंजूर आहे. त्याला कुंपण नको, चरायला बंदी नको, गावकऱ्याला दूर ठेवणारा फलक नको. चराई थांबली तर गवत वाढून दाट होईल आणि डोंबारी तिथूनही जाईल. जी माणसं माळ वापरतात ती तिथं राहिली तरच पाखरू राहील, असं हे दुर्मीळ प्रकरण आहे.

आणि म्हणूनच उपाय गावाच्या हातात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकांच्या माहितीतून जैवविविधता नोंदवही करायला हवी. या नोंदवहीत झाडांच्या लांबलचक याद्या सापडतात. गायरानाचा गट क्रमांक घालून ‘हे गवताळ रान आहे, इथं अमुक पाखरं वीण घालतात, इथं मेंढरं चरतात’ अशी नोंद करायला कोणता अडथळा आहे? ही नोंद असेल तर उद्या सौर प्रकल्पासाठी जागा मागितली जाईल तेव्हा गाव निदान विचारू शकेल की आधीच मोडलेली, दगडखाणीनं खाल्लेली जमीन बाजूला ठेवून हाच तुकडा का? सौरऊर्जा मलाही हवी आहे. कारखान्यांच्या आणि गोदामांच्या छपरांवर ती आधी का येऊ नये, हा प्रश्न शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींकडे पाहून पडतोच. ब्रिटनमध्ये गव्हाच्या शेतात हेक्टरी दोन छोटे तुकडे न पेरता सोडले आणि त्याचं अनुदान शेतकऱ्याला दिलं, तेवढ्यानं चंडोलाची वीण सुधारल्याचं दिसलं. तिथला प्रश्न त्यानं सुटला नाही, पण पाखरू किती थोडक्यात भागवून घेतं हे त्यातून कळलं. आपल्याला तर पेरलेलं रान सोडायलाही कोणी सांगत नाही. न पेरलेल्या रानावर हात न घालणं, एवढीच मागणी आहे. ज्या महिन्यांत जमिनीवर अंडी असतात त्या महिन्यांत सड्याला काडी लावायची नाही, ही त्याला जोडून दुसरी.

वृक्षारोपणाचा उत्साह वाया जावा असं मला वाटत नाही. येत्या जूनमध्ये ज्या मंडळाला, शाळेला, बँकेला पाचशे रोपं लावायची आहेत त्यांनी ती जरूर लावावीत: ओढ्याच्या काठाला, स्मशानभूमीच्या कडेला, एसटी थांब्याजवळ, शाळेच्या आवारात, रुंदीकरणात बोडक्या झालेल्या रस्त्यांच्या दुतर्फा, जिथं टँकरनं पाणी घालायला माणूस रोज पोचेल. लक्ष्य पूर्ण होईल, रोपंही जगतील. तलाठ्याकडून गायरानाचा नकाशा मात्र आधी पाहून घ्यावा, आणि खड्डे घ्यायला कुदळी पाठवण्यापूर्वी मार्च-एप्रिलमध्ये एक सकाळ त्या माळावर उभं राहून वर कोण चढतं आहे ते मोजावं. जिथं एक जरी डोंबारी शीळ घालताना आढळेल, तो गट क्रमांक यादीतून काढावा.